सव्वापाच आणि साडेपाचच्या मध्ये

जुन्या जीपला आवाज नाही असं सांगणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाहीतर ती विकायला निघालेला असतो. आमच्या जीपला आवाज होतेच. दारांची खडखड, ताडपत्रीची फडफड, स्प्रिंगच्या पाट्यांची कुरकुर, डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी हरवलेल्या एका स्क्रूची किणकिण. सगळे ओळखीचे, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. वडील असताना जीप गोवावेसला वळली की आई इकडे चहाचं आधण ठेवायची, इतका त्या गोंगाटाचा घराला उपयोग होता.

यंदा पाऊस ओसरला आणि त्यात एक नवीन आवाज शिरला. चीं, चीं, चीं. बारीक, कोरडा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा, आणि ताशी चाळीसच्या पुढे गेलं की बाकीच्या मंडळींत मिसळून जाणारा.

आता बेळगावात गाडीचा आवाज खासगी राहत नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप एवढे, की टिळकवाडीतल्या कुठल्याही बोळात चार हाका मारल्या तर दोन माणसं लेथवर उभी राहिलेली निघतात. प्रत्येकाचा कान आपापल्या कारखान्यात तयार झालेला. गाडी दारात उभी करून मी बॉनेट उघडलं (आवाज बॉनेटखालून येत नव्हता हे मलाही कळत होतं, पण चिंतातुर मालकानं उघडायला तेवढं एकच झाकण असतं), आणि समोरचे फोरमन काका लांब स्क्रूड्रायव्हर घेऊनच बाहेर आले.

"बेअरिंग," ते म्हणाले. अजून गाडी चालूही केली नव्हती.

मग चालू केली. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. ही जुनी आणि खरोखर कामाची पद्धत आहे. लोखंडातून आवाज हवेपेक्षा चांगला पोचतो आणि आत काय चाललंय ते थेट कवटीत ऐकू येतं. "क्लच दाबा. सोडा. परत दाबा." क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग गेलं, न्यूट्रलमध्ये आवाज असेल आणि क्लच दाबल्यावर बंद होत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. हे त्यांनी मला इतक्या उत्साहानं सांगितलं, की दोन्हीतलं काहीच होत नाही हे सांगताना माझाच जीव खालीवर झाला. उभ्या गाडीत चीं नव्हतंच. काकांनी स्क्रूड्रायव्हर पुसला आणि "बेअरिंगच हाय की ओ, पण आतलं कुठलंतरी" असं म्हणून ते जेवायला गेले.

दुसरं निदान लोंढ्याहून आलं. माझे चुलत काका रेल्वेत होते, डबे तपासणाऱ्यांत. गाडी जंक्शनला लागली की चाकांवर हातोडी मारत जायचं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. निवृत्तीनंतर हातोडी सरकारजमा झाली, सवय राहिली. त्यांनी आमच्या चारही चाकांवर हातोडी मारली. चाकांना टायर असल्यामुळे कुणीच काही बोललं नाही. तरीही काकांचं मत चाकाचं बेअरिंग असंच पडलं, आणि त्याची परीक्षा त्यांना माहीत होती. गाडी वळणावर घातली की वजन बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातं. उजवीकडे वळताना घरघर वाढली तर डाव्या चाकाचं बेअरिंग संशयित, डावीकडे वळताना वाढली तर उजव्याचं. त्यासाठी लांबच लांब वळण पाहिजे.

बेळगावात न संपणारं वळण म्हणजे चन्नम्मा चौक. भर सकाळी आम्ही राणी चन्नम्मांच्या पुतळ्याला प्रदक्षिणा घालू लागलो. काका खिडकीतून अर्धे बाहेर, कान डाव्या चाकाकडे. सिग्नल लागला की थांबायचं, सुटला की पुन्हा वळायचं. शेवटी पोलिसानं हात दाखवला. "एल्लि होगबेक्री?" कुठं जायचंय? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "सप्पळ केळाकत्तेव्री." आम्ही आवाज ऐकतोय. पोलिसानं गाडीकडे पाहिलं, मान हलवली आणि तोही थोडा वाकून ऐकू लागला. वळणानं आवाजात काडीचा फरक पडत नव्हता, म्हणजे डावी चाकं सुटली. उजव्या चाकांसाठी चौक उलट्या दिशेनं फिरावा लागला असता. काकांची तयारी होती. पोलिसाची नव्हती.

कोल्हापूरच्या मेहुण्याचं मात्र काम सोपं. "रेकॉर्ड करून पाठव की." मी मोबाइल मागच्या सीटखाली ठेवून हिंडलग्यापर्यंत जाऊन आलो. रेकॉर्डिंगमध्ये इंजिन होतं, दोन हॉर्न होते, एका भाजीवाल्याची हाक होती, आणि लक्ष देऊन ऐकलं तर चीं सोडून सगळं होतं. मेहुण्यानं दोन मिनिटांत निकाल दिला: डिफरन्शियल, पूर्ण उतरवा. आता डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या दातेरी चक्रांच्या पेटीचा, आवाज असतो हुंकाराचा. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एक सूर, सोडला की दुसरा, कारण दात एकदा या अंगानं दाबले जातात, एकदा त्या. आमचा आवाज पाय कुठेही असला तरी तसाच. शिवाय गियर ऑइलची पातळी बरोबर होती. खाली काढून पाहिलं तर त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. हे मी मेहुण्याला कळवलं. तो म्हणाला, "मग गिअरबॉक्स." मी म्हटलं, गिअरबॉक्स पुढं आहे. तर म्हणे, मधे कुठंतरी असेल.

मधे कुठंतरी. गिअरबॉक्स कुठं संपला आणि मागचं कुठं सुरू झालं, यावर आमचं फोनवर बरंच झालं. सीमा ठरवायचं काम आमच्या भागाला मानवत नाही. 1966 साली त्यासाठी महाजन आयोग नेमला, 1967 ला अहवालही आला, आणि अजून बोलणं चालूच आहे.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री समंजस माणूस. शेजारी बसला, कॅम्पातून एक चक्कर मारून आणली आणि उतरताना म्हणाला, "साहेब, सगळंच आवाज करूलाय. त्यातला कुठला काढायचा ते तेवढं सांगा."

हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे कुणाकडेच नव्हतं. सगळे जण आवाज कसा आहे ते सांगत होते. कुणी म्हणे कुईकुई, कुणी म्हणे चिरचिर, कोल्हापूरचा माणूस न ऐकताच गुंईं म्हणाला. तो किती वेळा होतो हे कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारलं तबल्याच्या सरांनी.

सर आमच्याच गल्लीतले. शहापुरात क्लास घेतात. त्या दिवशी सांबऱ्याकडे एका विद्यार्थ्याच्या घरी कार्यक्रम होता म्हणून मागं बसले. सांबऱ्याच्या पलीकडे सुळेभावी. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, 1924 चा. त्या रस्त्याला लागलं की सर कानाच्या पाळीला हात लावतात. हात लावला, आणि तो तिथंच राहिला.

"हे काय वाजतंय?"

"काही नाही सर, जुनी गाडी."

"जुनी असू दे. लयीत वाजतंय."

मी वेग कमी केला, आवाज मंदावला. सरांच्या सांगण्यावरून सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली आलं, पण चीं आपल्या चालीनं चालू राहिलं आणि गाडीबरोबरच हळू होत गेलं. म्हणजे इंजिनाशी त्याचा संबंध नाही. पुढं डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागला, टायरची घरघर बदलली, चीं बदललं नाही. म्हणजे टायरही नाहीत. हे सगळं सरांनी पाच-सहा किलोमीटरात उरकलं आणि उतरताना म्हणाले, "उद्या सकाळी व्हॅक्सिन डेपोवर ये. खडू आण."

व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी अर्धं टिळकवाडी फिरायला येतं. शेजारच्या रस्त्यावर सरांनी मागच्या टायरवर खडूनं जाड रेघ ओढली आणि मला पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल एवढ्याच वेगानं गाडी न्यायला सांगितलं. स्वतः चाकाशेजारून चालू लागले. रेघ खाली आली की टाळी, ती सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मधल्या चींचींची गणती बोटांवर. धोतर सावरत, चाकाकडे वाकून, टाळ्या वाजवत जीपबरोबर चालणारे सर पाहून फिरायला आलेली मंडळी आधी थांबली, मग मागून चालू लागली. थोड्या वेळानं माझ्यामागे एक छोटी मिरवणूक तयार झाली. कुणीतरी चौकशी केली की मूर्ती कुठे आहे.

पण सर चिडले होते. "चाकाच्या एका फेरीत पाच होतात, आणि वर थोडं उरतं. पाचपट नाही, सहापट नाही. दीडपट-सव्वापटीच्या लयींतली आड नाही, कुआड नाही, बिआड तर नाहीच. सव्वापाच म्हणावं तर जास्त, साडेपाच म्हणावं तर कमी. ही कसली गाडी घेतलीस रे?"

मी म्हटलं, वडिलांनी घेतली.

"पुढं घे. सम कुठंतरी सापडेलच."

आणि सापडली. आठव्या फेरीला टायरवरची रेघ आणि चीं बरोबर एकाच क्षणी आले. सरांनी टाळी दिली, मागच्या मिरवणुकीतही दोघांनी दिली. "आठ फेऱ्यांत त्रेचाळीस," सर म्हणाले. पुन्हा मोजलं, पुन्हा त्रेचाळीस. रस्ता सरळ असेपर्यंत त्यात बदल नाही.

मी तिथूनच मिस्त्रीला फोन लावला आणि आठाला त्रेचाळीस असं काही असतं का म्हणून विचारलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, "तुमच्या गाडीचं क्राऊन-पिनियनच आठ-त्रेचाळीसचं हाय की ओ. तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचा अर्थ असा. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जो लांब शाफ्ट जातो, त्याच्या टोकाला आठ दातांचं पिनियन आणि त्यात गुंतलेलं त्रेचाळीस दातांचं क्राऊन. चाक आठ वेळा फिरायला शाफ्टला त्रेचाळीस फेऱ्या माराव्या लागतात. म्हणजे चीं शाफ्टच्या दर फेरीला एकदा होत होतं. चाकं, त्यांची बेअरिंगं, अ‍ॅक्सल, क्राऊन, सगळे एका टाळीत निर्दोष सुटले. दोषी जो कोणी होता तो शाफ्टबरोबर फिरणारा होता.

आठ-त्रेचाळीस असा अवघड हिशेब मुद्दाम ठेवतात. त्रेचाळीस ही मूळ संख्या. तिला आठानं काय, कशानंच भाग जात नाही. त्यामुळे पिनियनचा एक दात क्राऊनच्या त्याच त्या दातांवर आपटत बसत नाही, आळीपाळीनं सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. आठ-चाळीस ठेवले असते तर पिनियनच्या एका दाताच्या वाट्याला क्राऊनचे तेच पाच दात जन्मभर आले असते. हे सरांना सांगितल्यावर त्यांचा राग एकदम उतरला. "म्हणजे बेताल नाही. त्रेचाळीस मात्रांचा आहे, एवढंच."

पुढचं काम मिस्त्रीचं. त्यानं गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, खाली आडवा झाला आणि शाफ्ट हातानं इकडे-तिकडे पिळून पाहिला. मागच्या टोकाच्या क्रॉसमधून गंजाची तांबडी भुकटी पडली. क्रॉस म्हणजे शाफ्टचा सांधा: अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा, चारी टोकांना चार टोप्या, प्रत्येक टोपीत सुईएवढ्या बारीक रुळांची रांग. ग्रीस असेपर्यंत त्या सुया तोंडातून शब्द काढत नाहीत. आम्ही ऐन पावसाळ्यात जांबोटीवरून कणकुंबीला गेलो होतो, मलप्रभेचा उगम पाहायला. उगम पाहिला, आणि वाटेतल्या ओढ्यांत नदीची बाकीची मंडळीही भेटली. पाणी टोप्यांत शिरलं, ग्रीस धुऊन नेलं. तीन टोप्या ठीक होत्या, चौथीत सुयांच्या जागी तांबडा मसाला.

शाफ्ट उतरवण्याआधी मिस्त्रीनं दोन्ही भागांवर छिन्नीनं खूण केली. सरांनी कारण विचारलं (ते आलेच होते). तिरक्या कोनात फिरणारा क्रॉस सारख्या गतीनं फिरवत नाही. शाफ्टच्या दर फेरीत दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नीट जुळवून बसवला तर तो नेमका उलट करतो आणि चाकाकडे सरळ गती जाते. खुणा चुकल्या तर दोघं मिळून गाडी हलवतात.

"म्हणजे एक लय सोडतो आणि दुसरा सांभाळून घेतो," सर म्हणाले. "आमच्याकडे असा साथीदार मिळायला नशीब लागतं."

नवा क्रॉस बसला, निपलमधून ग्रीस चारी टोप्यांच्या कडांनी बाहेर डोकावेपर्यंत भरलं, आणि चीं गेलं. संध्याकाळी फोरमन काका जुना क्रॉस बघायला आले. टोपी हातात घेऊन उरलेल्या सुया त्यांनी नखानं मोजल्या. "हे काय हाय? नीडल बेअरिंग. मी पहिल्या दिवशी काय म्हटलेलो?" लोंढ्याच्या काकांचं म्हणणं, चाकाच्या फेऱ्या मोजल्या म्हणूनच सापडलं, तेव्हा चाकच. मेहुण्यानं एवढंच विचारलं, की हा क्रॉस डिफरन्शियलला लागूनच असतो ना?

सरांना मात्र उसंत नाही. रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोजवळ आता गाड्या लागतात. रिक्षा, स्कूटर, एकदा तर टिपर. फी एकच, पाव किलो कुंदा. परवा दूधवाला आपली मोपेड घेऊन आला. मधेच अडकते, मधेच चालते, आवाज एकदम बसतो म्हणाला. सरांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"विलंबितात गेली आहे," ते म्हणाले. "अजून खाली येईल."

दूधवाल्यानं टाकीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं.

"पेट्रोल संपलंय की ओ, सर."