बिअर किती लांबून आली?

"बाहेरची ती बाहेरचीच. जर्मन लोक शतकानुशतकं बिअर करतायत. आपल्याकडे पुण्यात डुलाली ही छोटी ब्रूअरी सुरू झाली 2009 साली. तुलना तरी कशाला करायची?" बंड्यानं चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवत निकाल लावून टाकला.

मन्या लगेच उसळला. "तू बाहेरची म्हणून काय पितोस ते बघ आधी. कार्ल्सबर्गचा कारखाना संभाजीनगरला आहे. हायनेकन 2011 पासून भारतात बनते. बाटलीवरचं बारीक अक्षर वाच की लेका!"

"त्या सोड. मी वाइसबिअर म्हणतोय, जर्मनीतल्या बव्हेरियातली, गव्हाची."

इथे मला बोलावंच लागलं, कारण ही माझी सगळ्यात आवडती बिअर. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत ना केळं असतं ना लवंग. ही सगळी यीस्टची करणी. तेच यीस्ट पुण्यात मुंढव्यातल्या ब्रूअरीच्या टाकीतही तितकंच इमानानं काम करतं. आणि हा वास फार टिकत नाही. बाटली जहाजातून येणार, गोदामात पडणार, मग दुकानाच्या तापलेल्या फळीवर उभी राहणार. आपल्या हातात येते तेव्हा केळं गेलेलं असतं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास यायला लागलेला असतो. हिरव्या बाटलीची गोष्ट तर आणखी वाईट. तिच्यातून उजेड आत शिरतो, हॉप्समधला, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या फुलांमधला कडूपणा बिघडतो आणि उग्र दर्प येतो. कित्येकांना तीच 'फॉरेन'ची चव वाटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"बरं, मग तुमची लोकल तरी कुठं लोकल?" बंड्या हटेना. "हॉप्स जर्मनीचे नाहीतर अमेरिकेचे. इथं पिकवून दाखव."

नाहीच पिकत. हॉप्सच्या वेलाला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात, ते महाराष्ट्रात कुठून आणायचे? पण हॉप्स दाबून, हवाबंद पाकिटात, थंडीत ठेवले की प्रवास सोसतात. तयार बिअर तसा सोसत नाही. म्हणून हॉप्स लांबून यावेत आणि बिअर जवळची असावी, असं माझं ठाम मत आहे.

"आणि तुमच्या त्या लोकल बिअरमध्ये कोकम घालावं?" बंड्याचा आवाज चढला. "बिअरमध्ये काय घालायचं याचा 1516 चा कायदा आहे. जव, हॉप्स, पाणी. बास!"

"तो बव्हेरियाचा," मन्या म्हणाला. "जर्मनीतच लाइपझिगला गोझं नावाची बिअर बनते, तिच्यात मीठ असतं आणि धणेही. बेल्जियमवाले गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची साल घालतात. ते चालतं?"

मला कोकमाची गोझं मनापासून पटते. मुळातच आंबट-खारट बिअर ती, कोकम तिच्यात उपरं वाटत नाही. सोलकढीवर वाढलेल्या जिभेला ती पहिल्याच घोटात कळते. आंब्याचा गोड अर्क ओतलेल्या बिअरबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही.

आयात बिअरवर पैसे खर्च करायचेच तर बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट बिअरवर करावेत. मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनतात त्या. शिमे ब्लू घ्या. अल्कोहोल 9 टक्के, आणि बाटलीत भरल्यावर ती पुन्हा आंबते. नीट ठेवली तर वर्षानुवर्षं मुरते. तिच्यासाठी खिसा हलका झाला तरी चालेल. हे ऐकून बंड्या जरा खुलला.

"आणि पिल्सनर?" त्यानं नेमकं दुखरं ठिकाण पकडलं. चेक देशातल्या प्लझेन्यमध्ये 1842 साली जन्मलेली ही बिअर कित्येक आठवडे थंडीत निवांत ठेवावी लागते. इथल्या छोट्या ब्रूअरींकडे टाक्या मोजक्या. एक टाकी इतके दिवस अडकवून ठेवायची म्हणजे तेवढ्यात झाली असती ती दुसरी बिअर बुडाली.

मन्या म्हणाला, थांबणारेही आहेत. बंड्या म्हणाला, नाव सांग. दोघांनी आणखी एक-एक कटिंग मागवला.