सिग्नल लाल राहतो तेव्हा

‘सिग्नल यंत्रणेतील बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत’ ही उद्घोषणा मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या माणसाने इतक्या वेळा ऐकलेली असते की त्यातला ‘बिघाड’ म्हणजे नेमके काय, हे विचारणेही आपण सोडून दिले आहे. गेल्या पावसाळ्यात दोन स्थानकांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या लोकलमध्ये मी पाऊण तास अडकलो होतो. दारातले एक गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘पुढे रूळ मोकळा दिसतोय, मग मोटरमन गाडी का नेत नाही?’ त्यांचा राग रास्त होता. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून आता लिहितो आहे.

लोकलच्या मार्गाचे छोटे छोटे टप्पे केलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही रुळांतून अगदी कमी दाबाचा वीजप्रवाह खेळवलेला असतो. हा प्रवाह टोकाच्या रिलेपर्यंत, म्हणजे विजेच्या जोरावर उचलून धरलेल्या स्विचपर्यंत, पोहोचत असेल तर टप्पा मोकळा आहे असे यंत्रणा मानते. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह तिथूनच परत फिरतो, रिले आपल्या वजनाने खाली पडते आणि मागचा सिग्नल लाल होतो. ही कल्पना विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये मांडली आणि तिच्यातला खरा शहाणपणा असा की वायर तुटली, वीज गेली किंवा रुळाला तडा जाऊन प्रवाह खंडित झाला, तरीही सिग्नल लालच होतो. रूळ मोकळा असल्याची खात्री पटली नाही, तर गाडी थांबवायची, एवढेच या यंत्रणेला ठाऊक असते.

आता आपल्याकडचा पावसाळा पाहा. शीव, कुर्ला, चुनाभट्टी या सखल भागांत खडीत पाणी साचते, त्यात चिखल आणि कचरा मिसळलेला असतो, आणि त्या ओल्या खडीतून प्रवाह एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गळू लागतो. गाडी नसतानाही रिले पडते. टप्प्यांना वेगळे ठेवणाऱ्या सांध्यांमधले इन्सुलेशन झिजले किंवा तिथे लोखंडाचा कीस साचला, तरी हेच होते. मार्ग बदलणाऱ्या पॉइंटची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण तिथली हलती पट्टी मूळ रुळाला घट्ट चिकटल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही. मध्ये ५ मिलिमीटरचा अडथळा असला तरी पॉइंट लॉक होता कामा नये, अशीच त्याची चाचणी घेतात. खडीचा एक तुकडा किंवा कोणीतरी खिडकीतून फेकलेली बाटली तिथे पुरेशी असते.

बिघाड दहा मिनिटांत दुरुस्त झाला तरी उशीर तासन्तास का रेंगाळतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमनला दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटे थांबून, ताशी १५ किलोमीटरच्या आत, कोणत्याही क्षणी थांबण्याच्या तयारीने पुढे जावे लागते. पॉइंट असलेल्या जागी तेवढीही मुभा नसते. तिथे पॉइंट प्रत्यक्ष तपासून बंदिस्त करावा लागतो आणि लेखी परवानगी मोटरमनच्या हाती पडावी लागते. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक गाडी असते, त्यामुळे मागे रांग लागते आणि परतीच्या फेऱ्यांचे डबे व मोटरमन दोन्ही त्या रांगेत अडकतात.

अशा वेळी ‘काहीतरी करून गाडी सोडा’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला मात्र २ जून २०२३ आठवतो. ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकाजवळ फाटकाच्या कामात सिग्नलच्या जोडणीत त्रुटी राहिल्या, मुख्य मार्गाचा सिग्नल हिरवा झाला आणि प्रत्यक्षात पॉइंट लूप मार्गाकडे, म्हणजे गाड्या बाजूला उभ्या करण्याच्या रुळाकडे, वळलेला होता. कोरोमंडल एक्सप्रेस तिथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसे गेली. लाल सिग्नलने माझा पाऊण तास घेतला. चुकीच्या हिरव्याने काय घेतले ते आपण पाहिले.

म्हणून माझा रोष लाल सिग्नलवर नाही, तर वर्षानुवर्षे अपुऱ्या पडणाऱ्या देखभालीवर आहे. शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जो थोडा वेळ उरतो, त्यात सिग्नल विभागाच्या माणसांनी यंत्रणा तात्पुरती तोडण्याचा मेमो, म्हणजे लेखी परवानगी, घ्यायचा, अंधारात काम करायचे, चाचणी करायची आणि ती पुन्हा जोडून द्यायची. त्यात घाई झाली तर काय होते ते वर लिहिलेच आहे. रविवारचा मेगाब्लॉक त्यांना थोडा मोकळा वेळ देतो, आणि तो रद्द झाल्यावर आपण आनंद मानतो, हे मला आता पटत नाही.

रविवारी ताटकळायला मी तयार आहे. त्या बदल्यात बिघाड कोणत्या स्थानकापाशी आहे, रुळाच्या प्रवाहाचा आहे की पॉइंटचा, आणि त्याच जागी या वर्षातला तो कितवा आहे, एवढे रेल्वेने प्रवाशांना त्याच दिवशी सांगावे, अशी माझी मागणी आहे.