पॉली मरे थकल्या नव्हत्या

परवा वाचनगटात ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लांबण.

भाचीने अमेरिकेतून येताना माझ्यासाठी पंचवीस सेंटचं एक नाणं आणलं, २०२४ सालचं. त्यावर 'होप' हा शब्द आणि त्या अक्षरांच्या आत चष्मा लावलेल्या एका कृष्णवर्णीय बाईचा चेहरा. (नाणं उलटवलं की जॉर्ज वॉशिंग्टन, ज्यांनी आयुष्यभर गुलाम बाळगले. चालायचंच.) ही बाई म्हणजे पॉली मरे. वाचनगटात मी उत्साहाने सांगत सुटले. बसमध्ये वर्णभेदाचे नियम मानले नाहीत म्हणून १९४० मध्ये व्हर्जिनियात अटक झाली, तेव्हा त्या गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होत्या. वकील झाल्या, वर्णभेदाच्या कायद्यांचा जाडजूड संग्रह केला, बायकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत होत्या. आणि १९७७ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, एपिस्कोपल चर्च या ख्रिस्ती पंथाच्या धर्मगुरू झाल्या, त्या पदावरची पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. यावर आमचे एक जुने पुरोगामी स्नेही म्हणाले, "म्हणजे शेवटी थकली बिचारी."

तिथे मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

आपल्याला अमेरिकेतला काळ्यांचा लढा परका नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथे गुलामी मोडणाऱ्यांना. पँथर हे नावही तिथूनच आलं. पण आपल्या तोंडी येतात ते किंग, माल्कम एक्स. सगळे पुरुष. त्यांच्याही घरात तेच होतं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्याच्या प्रमुख वक्त्यांत एकही बाई नव्हती. मोर्च्याचे नेते ए. फिलिप रँडॉल्फ त्याच सुमारास नॅशनल प्रेस क्लबात भाषण करणार होते. त्या क्लबात बायकांना सदस्यत्व नव्हतं, महिला पत्रकारांनी वर सज्जात जाऊन ऐकायचं. मरे यांनी रँडॉल्फना खरमरीत पत्र लिहिलं. ज्याने जन्मभर बसच्या मागच्या बाकाविरुद्ध भांडायचं, त्याला हा सज्जा दिसू नये?

हा सज्जा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कायद्याच्या शिक्षणातली गोष्ट तर मी वकील असल्यामुळे पुन्हा पुन्हा वाचते. हॉवर्ड विद्यापीठात वर्गातल्या एकट्या मुलगी, १९४४ मध्ये पहिल्या आल्या. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डकडे अर्ज केला, उत्तर आलं की आपल्या लिंगाच्या व्यक्तींना इथे प्रवेश नाही. मरे यांनी उलट कळवलं, त्याचा मतलब असा: लिंग बदलायला मी आनंदाने तयार आहे, पण मार्ग ठाऊक नाही, तेव्हा आपणच आपलं मत बदलावं. वाचणारा हसतो. मीही हसले होते. नंतर कळलं की ही व्यक्ती १९३० च्या दशकापासून डॉक्टरांचे उंबरठे झिजवत होती, पुरुषी हार्मोन द्या म्हणून, आणि डॉक्टर नकार देत होते. म्हणजे विनोदातला शब्द न् शब्द खरा होता.

मराठीत तर पंचाईतच. आपलं क्रियापद आधी विचारतं, गेला की गेली? मी 'त्या' लिहितेय, कारण जाहीरपणे त्या स्वतःला बाईच म्हणवत. आज असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मी कोण ठरवणार?

रेनी बार्लो नावाच्या बाईवर त्यांचं प्रेम होतं, सोळा-सतरा वर्षांची सोबत. या नात्याला चारचौघांत नाव नव्हतं. १९७३ मध्ये मेंदूच्या गाठीने रेनी गेल्या. शेवटच्या घडीला धर्मगुरू मिळाला नाही, प्रार्थना मरे यांनीच म्हटली. त्यानंतर त्यांनी विद्यापीठातली पक्की प्राध्यापकी सोडली आणि धर्मशिक्षणाला गेल्या. तेव्हा चर्च बायकांना त्या पदावर घेतही नव्हतं! थकलेला माणूस साठी उलटल्यावर अशा बंद दारासमोर जाऊन बसतो का?

नागपूरकरांना तरी हे समजावून सांगावं लागू नये. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. संविधान लिहिणारा माणूस धम्माकडे गेला म्हणून 'बाबासाहेब थकले' असं आजीसमोर कुणी म्हणून बघायला हवं होतं. फरक आहे, आणि तो मोठा आहे. बाबासाहेबांनी ते घरच सोडलं. मरे तिथेच राहिल्या. मला स्वतःला सोडणं जवळचं वाटतं, आणि त्यांच्या चर्चबद्दल मला राग आहेच. रेनीबद्दल त्यांना वेदीवरून कधी उघड बोलता आलं नाही. १९८५ मध्ये गेल्या, ब्रुकलिनमध्ये रेनीच्या सोबतीलाच पुरलं. ते प्रेम लोकांपुढे आलं ते नंतर, अभ्यासकांनी कागदपत्रं चाळल्यावर.

पण फेब्रुवारी १९७७ चा तो रविवार बघा. नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल गाव, चॅपल ऑफ द क्रॉस हे चर्च. मरे यांची आजी कॉर्नेलिया गुलाम म्हणून जन्मली. कॉर्नेलियाची आई हॅरिएट गुलाम, बाप मालकाच्या घरातलाच, हॅरिएटवर बलात्कार करणारा. १८५४ मध्ये याच चर्चमध्ये कॉर्नेलियाचा बाप्तिस्मा झाला, तिच्या मालकिणीची मालमत्ता अशी नोंद होऊन. ती मालकीण, मेरी रफिन स्मिथ, नात्याने तिची सख्खी आत्या. प्रार्थनेला आत्या खाली बसायची आणि भाची वर, गुलामांच्या सज्जात.

त्याच चर्चमध्ये नात वेदीपाशी उभी राहिली आणि तिने पहिल्यांदा प्रभुभोजनाचा विधी केला. शुभवर्तमान वाचलं ते आजीच्या बायबलमधून. ते बायबल ज्या मेजावर ठेवलं होतं, ते मेरी रफिन स्मिथच्या स्मरणार्थ दिलेलं होतं. तिचं नाव त्यावर कोरलेलं होतं.