पाठवताना व्हिडिओचा जीव घेऊ नका रे बाप्पा

आबाजीच्या वर्षश्राद्धासाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ जोडतो आहे. तिसऱ्यांदा एक्स्पोर्ट केला, तरी नुसता चिखल. काऊन? सगळ्यांनी क्लिपा व्हॉट्सॲपवर साध्याच पाठवल्या म्हणून! तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, हे हजारदा सांगितलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं, तर "दिसते ना बापा, मंग काय?"

काय दिसते? पोळ्याला आबाजी बैलाच्या शिंगांना बेगड लावून राहिले आणि तोंडावर सगळे चौकोन. सुरकुत्या गेल्या, डोळे गेले. आता ४के या मोठ्या साइजमध्ये काढलं तरी ते डोळे परत येत नाहीत, फाईल तेवढी फुगते.

मामाच्या २००३ च्या टेपचं दुखणं वेगळं. चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत. बैलाने मान झटकली की शिंगांना कंगव्याचे दात फुटतात. आधी डीइंटरलेस करावं लागतं, म्हणजे त्या दोन भागांचं एक सलग चित्र करावं लागतं. फोनच्या क्लिपांचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो कमीजास्त होतो, म्हणून ओठ पुढे आणि आवाज मागे. एकेक क्लिप हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर आणतो, तेव्हा कुठे टाइमलाइनवर बसते. त्यात काल रात्री एक्स्पोर्ट संपत आला अन् लाइन गेली.

ज्याच्या फोनात मूळ क्लिप असेल त्याने ती डिलीट करू नका. पाठवूही नका. पेनड्राइव्ह घेऊन मीच येतो.