मागच्या रांगेतला पांढरा पट्टा

मला कराटे शिकायचं नव्हतं. मी फक्त मुलीला क्लासला सोडायला गेलो होतो. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी हा क्लास असतो. मुलगी १० वर्षांची, मी ४७ चा, सर जेमतेम पंचविशीतले. त्यांनी माझ्याकडे (म्हणजे माझ्या पोटाकडे) बघत विचारलं, "काका, तुम्हीपण या की! पालकांना फी निम्मी आहे." मी म्हणालो, "बरं."

हे 'बरं' हाच माझा जुना आजार. हॉटेलात मला मिसळ हवी असते. पण चौघांनी डोसा सांगितला की माझ्या तोंडून "मलाही तेच" निघतं आणि मग मी शेजारच्या टेबलावरच्या तर्रीकडे बघत डोसा खातो. माझ्या तीन विमा पॉलिसी आहेत, तिन्ही एकाच आतेभावाच्या टार्गेटपायी. सोसायटीचा खजिनदार मी सलग चौथ्या वर्षी आहे. घरी मात्र भाजीचा हिशोबसुद्धा बायको माझ्याकडे देत नाही.

तिला क्लासचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "जा. निदान अडवायचं कसं ते तरी शिकशील."

आणि खरंच, तिथे आधी अडवायलाच शिकवतात. आमचं कराटे शोतोकान पद्धतीचं. त्याचे गुरू फुनाकोशी गिचिन, पेशानं शाळामास्तर. कराटेत पहिला वार नसतो, ही त्यांची शिकवण. आमचा पहिला काता 'हियान शोदान', म्हणजे ठरलेल्या २१ हालचालींची मालिका. तिची सुरुवातच डावीकडे वळून, येणारी लाथ हातानं खाली झाडून टाकण्यानं होते. ओकिनावातल्या इतोसू अंको यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हे काते शाळकरी मुलांसाठी रचले, असं सरांनी मला धीर यावा म्हणून सांगितलं. धीर आला नाही.

सरावाला जपानी आकडे मोजायचे असतात. इची, नी, सान, शी, गो. बायकोचं माहेर मालवणचं. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून ऐकत होती. मी घामाघूम होऊन "शी! गो!" असं ओरडलो आणि ती तिथल्या तिथे खाली बसली. तिच्या माहेरी कुणी शेणात पाय घातला की बायका नेमकं हेच म्हणतात.

पोशाखाचं फार सांगत नाही. पट्टा कमरेभोवती दोनदा गुंडाळून गाठ मारायची असते. माझी गाठ मारून झाल्यावर जी टोकं उरतात, ती उंदराच्या कानांएवढी.

खरा घोटाळा हातांचा. ठोसा मारताना एक हात पुढे जातो, त्याच क्षणी दुसरा मूठ वळून कमरेशी ओढून घ्यायचा. याला हिकिते म्हणतात. माझे दोन्ही हात पुढेच जायचे. "काका, दुसरा हात घरी!" असं सर हॉलभर ओरडायचे. बायकोनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "उसने पैसे देतानाही तुझं असंच होतं."

आणखी एक गंमत म्हणजे सरांनी काहीही सांगितलं की उत्तर एकच, "ओस!" कळलं? ओस. पुन्हा करू? ओस. पाय दुखतोय? ओस. नाही म्हणायला शिकायचं म्हणून मी जिथे गेलो, तिथे 'नाही'ला शब्दच नव्हता.

पण मी यातूनही वाट काढली. मागच्या रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या पोरांचं बघून करायचं. आयुष्यभर मी हेच केलं होतं, शाळेच्या कवायतीपासून थेट इंजिनिअरिंगच्या प्रवेशापर्यंत. अडचण एवढीच की हा काता अधूनमधून फिरतो. चौदाव्या हालचालीला सगळे मागच्या भिंतीकडे वळतात. म्हणजे मागची रांग पुढची होते. माझ्यापुढे उरतं फक्त चपलांचं कपाट.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला नेमकं तेच झालं. परीक्षक बाहेरून आले होते, खुर्चीवर वही घेऊन बसलेले. चौदापर्यंत मी पुढच्या गुबगुबीत मुलाच्या पाठीवर विश्वास ठेवून पोचलो. मग वळलो. कपाट. तीन ठोसे पुढे गेलो, तिसऱ्याला पोटातून आरोळी द्यायची होती, ती जांभईसारखी आली. मग डावीकडे पाऊण गिरकी. मी पाव घेतली.

थांबून काही सुधारावं, तोवर लक्षात आलं की माझ्यामागची पाच पोरंसुद्धा पावच वळली आहेत. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यामागून आलं होतं, आणि मी त्यांना भलत्या भिंतीकडे नेलं होतं!

एकटी माझी मुलगी पूर्ण फिरली. त्यामुळे आम्ही दोघं समोरासमोर आलो, हाताची सुरी करून, बापलेक. मला वाटलं ती गोंधळेल, आपण चुकलो असं समजून माझ्या बाजूला वळेल. मी तेच केलं असतं. तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. उरलेल्या तीन हालचाली सावकाश केल्या आणि जिथून सुरुवात केली होती, बरोबर त्याच फरशीवर येऊन उभी राहिली. मी संपलो तो पंख्याच्या रेग्युलेटरपाशी.

तिला पिवळा पट्टा मिळाला. मला आणि त्या पाच पोरांना पुढची तारीख. लिफ्टमध्ये त्यांच्या आया माझ्याकडे अजून बघतात.

घरी येताना मी तिला विचारलं, "सगळे तिकडे वळले तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"कोण वळलं?" ती म्हणाली. "मी बघितलंच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा होती, आणि खजिनदाराची माळ पाचव्यांदा माझ्याच गळ्यात पडणार हे वॉचमनलासुद्धा माहीत होतं. मी ठरवलं, यंदा इकडेतिकडे बघायचंच नाही. अध्यक्ष म्हणाले, "खजिनदार तेच राहू देत ना, काय हो?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पाय रोवले, श्वास पोटात नेला, डावी मूठ कमरेला लावली आणि म्हणालो, "नाही!"

परीक्षेत न निघालेली आरोळी इथे निघाली. टेबलावरचा चहाचा कप हलला. तळमजल्यावरच्या काकूंनी पदर सावरला. एकदम शांतता.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चार वर्षं म्हणजे खूप झाली. खजिनदार दुसरा बघू." मग माझ्याकडे नव्यानंच बघितल्यासारखं बघत म्हणाले, "पण आवाज काय खणखणीत आहे हो तुमचा! गणपतीत दहाही दिवस माइकवर निवेदनाला तुम्हीच."

मी कमरेची मूठ सोडली.

"ओस," मी म्हणालो.