दयाचं दार आणि डाश्नरचं टिपण

रविवारी रात्री सव्वाआठला इथे कुणाला फोन करू नये, हे मला ऑफेनबाखला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं. त्या वेळी जर्मनीतली माणसं 'टाटओर्ट' बघत असतात. शब्दाचा अर्थ 'गुन्ह्याची जागा'. 1970च्या नोव्हेंबरपासून ही मालिका चालू आहे आणि सुरुवातीचे ते डोळे, तो नेम धरणारा गोल, ते पळणारे पाय जवळजवळ तसेच आहेत. दर रविवारी वेगळं शहर, वेगळे पोलीस, नव्वद मिनिटं. काही बारमध्ये लोक एकत्र बसून बघतात आणि सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी त्याची चिरफाड होते.

आमच्या घरात मात्र रविवार दुपार 'सीआयडी'ची असते. नऊ वर्षांच्या मुलीला मराठी येतं, हिंदी येत नाही, म्हणून जुने भाग लावायला सुरुवात केली. 1998 ते 2018 अशी वीस वर्षं चाललेली आणि 2024च्या डिसेंबरात पुन्हा उगवलेली ही मालिका. भाग दीड हजारांच्या वर. मुलीला हिंदी किती आलं ते देव जाणे, पण हाताचा पंजा हवेत फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणायला उत्तम येतं. त्यातले एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी सातम, आमच्या घरात त्याआधीपासूनचे. मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मुळे आई त्यांना अजूनही 'आपला सातम' म्हणते.

लहानपणी-तरुणपणी पाहिलेलं चाळिशीत पुन्हा पाहिलं की लक्ष भलतीकडे जातं. 2004 साली 'सीआयडी'वाल्यांनी 111 मिनिटांचा एक भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. तेव्हा मी तोंडाचा आ करून पाहिला होता. परवा पाहताना कॅमेऱ्याची कमाल अजूनही वाटली. कुणी अडखळलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, ही भीती नटांच्या चेहऱ्यावर दिसते आणि तीच खरी मजा आहे. साळुंखेंच्या प्रयोगशाळेतली रंगीत पाणी भरलेली चंबूपात्रं पाहून आता फक्त हसू येतं. खटकली ती वेगळीच गोष्ट. आम्ही ओळीने तीसेक भाग पाहिले. त्यातल्या बहुतेकांत शेवटाकडे एक कानफटात बसते. ती बसली की समोरचा माणूस घडाघडा सगळं सांगतो, 'अब तुम्हें फाँसी होगी' होतं आणि नावं वर सरकू लागतात. वकील नाही, न्यायाधीश नाही. खरं तर आपल्या कायद्यात पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावाच धरत नाहीत. इंग्रजांनी केलेल्या पुरावा कायद्यात ते होतं आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे प्रद्युम्न साहेबांच्या सगळ्या केसेस पहिल्या तारखेलाच कोलमडायच्या.

इथपर्यंत गंमत होती. पण डोंबिवलीची मावशी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर असते, आणि 'सीआयडी'वरून गाडी बदलापूरवर जायला वेळ लागत नाही. 23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बायपासवर, गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं, त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ त्याला मारलं. दोनच दिवसांत 'बदला पुरा'चे फलक मुंबईत लागले. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्या रात्री लाडूंचे फोटो होते. 2019च्या डिसेंबरात हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली होती, तेव्हाही हेच. मी एवढंच लिहिलं, 'बेड्या घातलेल्या माणसाने पिस्तूल कसं हिसकावलं, हे कुणी विचारणार का?' मावशीचा फोन पाच मिनिटांत.

"अरे, तू तिकडे बसून शहाणपणा शिकवू नकोस. त्या पोरी चार वर्षांच्या होत्या. तुझी पोर असती तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. पुढे जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं. पण तो अहवाल ग्रुपवर टाकून मी जिंकलो असं मुळीच झालं नाही. कुणी वाचला नाही. मीही दुसऱ्यांदा टाकला नाही.

'तिकडे बसून' हे मात्र मला लागलं, कारण तिकडेही काही संत राहत नाहीत. टाटओर्टमधला सगळ्यात लाडका पोलीस कोण, तर ऐंशीच्या दशकातला डुइसबुर्गचा शिमान्स्की: मळकट जॅकेट, तोंडात शिव्या, हात सैल. खऱ्या पोलिसांचं तर विचारूच नका. 2000 ते 2007 या काळात नवनाझी टोळीने दहा खून केले. मेलेल्यांतले नऊ जण स्थलांतरित कुटुंबांतले, त्या नवांतला एक आमच्याच हेसेन राज्यात, कासेलला. पोलीस मात्र वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच नातेवाइकांवर संशय घेत राहिले. माझ्यासारख्या रंगाच्या माणसाने इथल्या पोलिसांचे गोडवे गावेत, अशी परिस्थिती नाही.

तरीही मावशीच्या त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला सापडलं ते इथेच, घरापासून दहा मिनिटांवरच्या फ्रँकफुर्टमध्ये. 2002च्या सप्टेंबरात एका बँकरच्या अकरा वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण खंडणी उचलल्यावर पकडला गेला, पण मूल कुठे आहे ते सांगेना. पोलिसांना वाटत होतं की मूल जिवंत आहे, कुठेतरी तहानलेलं. शहर पोलिसांचे उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी हाताखालच्या अधिकाऱ्याला हुकूम दिला: याला सांगा, बोलला नाहीस तर असह्य वेदना देऊ. धमकी मिळताच तो बोलला. मूल आधीच मेलेलं होतं.

आता 'तुझी पोर असती तर' हा प्रश्न याहून टोकदार कुठे विचारणार? जर्मनीत तेव्हा याच प्रश्नावरून घराघरांत भांडणं झाली आणि डाश्नरच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. मावशीही तिथेच उभी राहिली असती. खरं सांगायचं तर कदाचित मीही. पण मला राहून राहून आठवतं ते डाश्नरचं टिपण. धमकी दिली हे त्यांनी स्वतः, त्याच वेळी, फाइलमध्ये लिहून ठेवलं. आरोपीने टेबलावर डोकं आपटून घेतलं, पळायला गेला आणि पडला, असलं काही रचलं नाही. 2004मध्ये कोर्टाने त्यांना दोषी धरलं. शिक्षा अगदी नावापुरती, ताकीद आणि राखून ठेवलेला दंड. धमकीने काढलेली कबुली खटल्यात बाद झाली. खुन्याने कोर्टात पुन्हा कबुली दिली आणि त्याला जन्मठेप लागली ती लागलीच. 2010मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने वागणूक अमानुष होती असं म्हटलं, आणि नंतर त्याच खुन्याला हेसेन सरकारने तीन हजार युरो भरपाई द्यावी असाही निकाल आला. तो वाचून माझंही तोंड कडू झालं होतं, नाही म्हणत नाही.

आपल्याकडे राग जास्त आणि जर्मनांना कमी, असं मला वाटत नाही. फरक त्या कागदाचा आहे. आपल्याकडच्या चकमकींचा कागद आधीच लिहून तयार असल्यासारखा असतो: अंधार, पिस्तूल हिसकावणं, स्वसंरक्षण. नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या चकमकींवरून सर्वोच्च न्यायालयाने 2014मध्ये सोळा कलमी नियमावली घालून दिली, 2020मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितलं. नियमांची आपल्याला वाण नाही. इथे 2020पासून खुनाच्या गुन्ह्यात आरोपीच्या जबाबाचं चित्रीकरण सक्तीचं आहे आणि टाटओर्टमध्ये ते आता इतकं सवयीचं झालंय की कमिसार, म्हणजे तपास करणारा अधिकारी, येतो, खुर्ची ओढतो, तारीख-वेळ बोलतो, आणि मला डुलकी लागते. संशयित म्हणतो, वकील बोलवा. बोलवतात. कथा तिथे दहा मिनिटं आडवी होते. करमणूक म्हणून विचाराल तर 'सीआयडी'तला दारं तोडणारा दयाच भारी.

गेल्या रविवारी मावशीला हे सगळं सांगत होतो. तिने डाश्नरचं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाली, "चांगला माणूस होता रे. उगाच लिहून बसला." मागे टीव्हीवर दयाने खांदा लावला, दार आडवं झालं आणि पोरीने टाळ्या पिटल्या.

"तुमच्या तिकडचे पोलीस दार तोडत नाहीत?" मावशीने विचारलं.

म्हटलं, त्या मालिकेत बहुतेक वेळा किल्लीवाल्याला फोन करतात. तो पेटी घेऊन येतो, कुलूप उघडतो आणि पावती देतो.

"आणि ती पावती कुणाच्या नावावर फाडतात?"