चिनी मातीला हवा बाधत नाही

खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चिनी मातीची भांडी कशी सांभाळावीत, याबद्दलचा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. मला तो आठवड्याभरात तिघांनी पाठवला. त्याचं सार असं: हवा लागली की चिनी मातीची चमक मरते, म्हणून प्रत्येक नग वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वरून बबल रॅप घालून चिकटपट्टीने हवाबंद करा. बश्या एकावर एक रचू नका, उभ्याच ठेवा. कप पालथे घाला, नाहीतर कानाने टांगा. मग सगळं मूळ खोक्यात भरून माळ्यावर टाका आणि वर्षातून एकदाच काढा, कारण वापराने भांडं झिजतं. शेवटी एक ओळ: ‘ठेवण्याआधी भांडी पूर्ण कोरडी करा.’ ही ओळ तेवढी बरोबर आहे.

हवेपासून सुरुवात करते, कारण मूळ गफलत तिथेच आहे. हवेने काळी पडते ती चांदी, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तो सल्ला कुणीतरी उचलून चिनी मातीला डकवलेला दिसतो. पोर्सेलीन १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं. त्या आचेत माती अर्धीमुर्धी काचेसारखी होऊन घट्ट बसते आणि वर झिलईचं कवच असतं. त्याला फडताळातली हवा काय करणार? डच ईस्ट इंडिया कंपनीचं ‘गेल्डरमाल्सन’ हे जहाज जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चिनी समुद्रात बुडालं. १९८५ मध्ये त्यातली सुमारे दीड लाख भांडी वर काढली गेली आणि पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. सव्वादोनशेहून अधिक वर्षं खाऱ्या पाण्यात काढूनही निळ्या नक्षीची कितीतरी भांडी टेबलावर मांडण्याजोगी निघाली. ज्यांच्यावर झिलईच्या वरून रंग चढवले होते, त्यांचे रंग मात्र फिके पडले होते, काहींचे उडालेच होते.

हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. निळी नक्षी झिलईच्या खाली असते, काचेखाली लावलेल्या चित्रासारखी. सोनेरी काठ आणि बरीचशी रंगीत फुलं झिलईच्या वर, नंतर कमी आचेवर भाजून बसवलेली असतात. जपायचं ते हे वरचं काम. सोनं काळवंडत नाही, पण मऊ असतं. त्याचा थर इतका पातळ असतो की घासलं की जातं.

आता गुंडाळणी बघा. चिकटपट्टी सोनेरी काठाला लागली की सोलताना सोनं घेऊनच निघते. बबल रॅपमध्ये ओल अडकते आणि फुगे जिथे टेकतात तिथे गोल ठसे उमटू शकतात. माझ्या सहा बश्या चार वर्षं अशा बांधून ठेवल्या होत्या. सोडल्या तेव्हा दोघींच्या सोनेरी पट्ट्यावर ओळीने मंद वर्तुळं होती, आणि ती आजही आहेत. वर्तमानपत्राची शाई झिलईवरून धुता येते. पण बुडाच्या कडीला झिलई नसते, तिथे ती बसते. साध्या भाजक्या मातीच्या, वर केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या भांड्यात तर शाई चिरांत उतरते आणि मग कशानेच निघत नाही. घर बदलताना दोन दिवसांपुरता आत कोरा कागद, बाहेर वर्तमानपत्र, एवढं चालेल. कायमच्या ठेवणीला धुतलेलं सुती फडकं किंवा आम्लरहित पातळ कागद पुरतो.

बश्या उभ्या ठेवण्याचा सल्ला चुकीच्या जागेवरून आला आहे. खोक्यातून सामान हलवताना बश्या उभ्याच भराव्यात, कारण आडव्या रचल्या तर प्रत्येक धक्क्याला वरचा सगळा भार खालच्या बशीवर आदळतो. कपाट काही खड्ड्यांतून जात नसतं. तिथे उभ्या बश्यांना नीट खाचा नसतील तर एक घसरली की शेजारणीला घेऊन जाते. आडवी चळत चांगली, फक्त एका मापाची आणि आठ-दहाच्या वर नाही. जेवणाची बशी अर्ध्या किलोच्या आसपास धरली तरी बारा बश्यांचे सहा किलो होतात, आणि तळातली हवी असली की ते सहाही किलो उचलावे लागतात.

चळतीत खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बशीच्या बुडाची ती झिलई नसलेली कडी पॉलिश कागदासारखी खरखरीत असते. वरची बशी ओढून काढली की खालचीच्या तोंडावर चरा उठतो. बहुतेकांना वाटतं, चरे सुरीने पडलेत. प्रत्येक दोन बश्यांमध्ये कडीपेक्षा मोठा मऊ तुकडा घाला. सुती कापड चालतं, कॉफीचे गाळणकागदही झकास बसतात. चांदीची कलाकुसर असेल तर लोकरी फेल्ट नको, लोकरीतही गंधक असतं. आणि बशी सरकवायची नाही, उचलायची.

कप पालथे घालणं म्हणजे सगळा भार त्याच्या सर्वांत पातळ भागावर टाकणं. कपाचं बुड बसण्यासाठी केलेलं असतं, काठ ओठांसाठी. पालथ्या कपात कोंडलेली ओल कुबट वास धरते, ते वेगळंच. धुळीची भीती असेल तर वरून फडकं पसरा. धूळ धुता येते, टवका धुता येत नाही. टांगण्याबद्दल काय बोलावं! कान वेगळा घडवून पातळ चिखलाने कपाला जोडतात आणि मग भाजतात. कप मोडतो तो बहुधा त्याच जोडावर. रिकामा कप टांगला की लगेच कान तुटेल असं नाही, पण दार आपटलं की ओळीतले कप एकमेकांना टोले देतात. कप एकात एक घालू नका, अडकतात आणि सोडवताना पीळ बसतो. किटलीचं झाकण काढून ठेवा किंवा फडक्याची घडी घालून उलटं बसवा.

मूळ खोकं, विशेषतः आत साचे असलेलं, चांगलंच असतं. वाईट आहे तो माळा. पुठ्ठा ओल धरून ढिला होतो, कसर कागद खाते, आणि कधीकाळी डिंकासारख्या गोंदाने जोडलेल्या नगाचा सांधा तिथल्या उकाड्यात सैलावतो. शिवाय शिडीवर उभं राहून डोक्यावरून जड खोकं उतरवायचं, हा प्रकारच कशाला? गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, जड भांडी खाली आणि हलकी वर. खोक्याच्या बाजूला आतल्या भांड्यांचा फोटो चिकटवा, म्हणजे उगाच उघडावं लागत नाही.

वापराने झिजतं हेही खोटं. सोनं झिजवतात ते डिशवॉशरमधले तीव्र अल्कलीयुक्त साबण आणि तारेची घासणी. थंड कपात उकळतं पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो, म्हणून आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात. एवढं पाळून महिन्यातून दोनदा वापरलेली बशी माळ्यावरच्या बशीपेक्षा सुरक्षित, कारण तिच्यावर नजर असते. बाहेर काढलीच आहेत तर प्रत्येक नग तळहातावर तोलून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. धड असेल तर खणखणीत नाद येतो. बद्द वाजला तर डोळ्यांना न दिसणारी चीर असण्याची शक्यता मोठी. तो नग वेगळा काढा आणि त्यात गरम काही ओतू नका.